वर्गाबाहेरचे चौरस मीटर

कॉलेज काढायचे ठरले की संस्थाचालकांच्या टेबलावर सर्वांत आधी येते ते क्षेत्रफळाचे कोष्टक. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या मापांत साठ जणांच्या वर्गाला ६६ चौरस मीटर, ट्युटोरियलच्या खोलीला ३३ चौरस मीटर, अशी एकेका खोलीची नोंद असते. प्रयोगशाळा, ग्रंथालय, प्राचार्यांचे दालन, मुलींची कॉमन रूम, सगळ्यांची मापे ठरलेली. व्हरांडे, जिने आणि प्रवेशदालन यांना मात्र स्वतंत्र स्थान नाही. बाकीच्या बेरजेचा चौथा हिस्सा त्यांच्या नावे धरायचा आणि पुढे जायचे, असा हिशेब परिषदेच्या पुस्तिकांतून वर्षानुवर्षे चालत आला. तपासणी समिती येते तीही टेप लावून खोल्याच मोजते.

खोल्या मोजायलाच हव्यात. पत्र्याच्या शेडमध्ये भरलेली कॉलेजे या राज्याने पाहिली आहेत, आणि त्या काळात ही मापे नसती तर विद्यार्थ्यांच्या वाट्याला आणखी कमी आले असते. पण सरकारी असो वा खासगी, प्रत्येक बांधकामात एक क्षण असा येतो की पैसा कमी पडतो. तेव्हा जे मोजले जात नाही ते पहिले कापले जाते. दहा फुटी व्हरांड्याचा सहा फुटी होतो, चौकावर वाढीव वर्ग उभे राहतात, जिन्याजवळची ऐसपैस जागा पार्टिशन घालून परीक्षा विभागाला दिली जाते. आपल्याकडे दीडशे वर्षांत उभ्या राहिलेल्या कॉलेज-विद्यापीठांच्या इमारती नजरेखालून घातल्या तर चांगल्या आणि वाईट इमारतींतला फरक शैलीत सापडत नाही. खोल्यांच्या मधल्या जागेचा विचार आधी झाला की शेवटी, यात तो सापडतो.

दगडी कमानींचा काळ

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले, पण त्याला स्वतःची वास्तू मिळायला पुढची दोन दशके लागली. फोर्टमधल्या दीक्षान्त सभागृहाचा आणि ग्रंथालयाचा आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी लंडनमध्ये बसून केला. ते मुंबईत कधी आलेच नाहीत. सभागृह १८७४ मध्ये आणि प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभे राहिलेले ग्रंथालय व राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाले. शैली तेराव्या-चौदाव्या शतकातल्या युरोपची, दगड इथला. तरीही ही इमारत मुंबईच्या हवेत टिकली आणि वापरात राहिली, कारण तिच्या अंगाला कमानींचे उघडे सज्जे आहेत, कोपऱ्यात खुले गोल जिने आहेत. पावसाचा मारा आणि पश्चिमेचे ऊन आधी सज्जा झेलतो, भिंतीपर्यंत त्यांतले थोडेच पोचते. २०१८ मध्ये युनेस्कोने मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तुसमूहाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात ही वास्तू आहे.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजची पायाभरणी १८६४ ची. चौकाभोवती दुमजली इमारत, आणि खोल्यांना जोडणारे कमानदार व्हरांडे. टिळक इथे शिकले आणि इथल्याच खोलीत राहिले. ती खोली आजही जपलेली आहे. शिकणे आणि राहणे एका छपराखाली ठेवणारी ही रचना ऑक्सफर्ड-केंब्रिजची, पण व्हरांडा इथल्या हवेसाठी घातलेला. वसाहतकाळातल्या कॉलेजांवर परकेपणाचा शिक्का मारणे सोपे आहे. त्यांच्या विटा-दगडांत साहेबाचा तोरा आहे यात शंका नाही. मात्र बाहेरच्या आणि आतल्या हवेमध्ये एक सावलीचा थर हवा, हे ती बांधणाऱ्या इंजिनिअरांना नीट कळले होते. पुढे आरसीसीची चौकट आली, भिंती पातळ झाल्या आणि तो थर खर्चात काटकसर म्हणून गळून पडला.

पुणे विद्यापीठाची गोष्ट थोडी वेगळी. स्वातंत्र्यानंतर हे विद्यापीठ गव्हर्नरच्या गणेशखिंडीतल्या बंगल्यात गेले. राजेशाही मेजवान्यांसाठी बांधलेल्या वास्तूत कुलगुरूंचे कार्यालय बसले आणि विभाग आवारात जमेल तसे पसरत गेले. प्रशस्त जमीन आणि देखणी मुख्य इमारत हाती असूनही एका विभागातून दुसऱ्यात चालत जाण्याचा विचार आराखड्यात नसेल तर काय होते, ते इथे दिसते. झाडी भरपूर आहे, अंतरेही भरपूर आहेत. दोन विभागांच्या विद्यार्थ्यांची सहज गाठ पडावी अशा जागा मात्र मोजक्याच.

आचऱ्याचे कानविंदे, पुण्याचे दोशी

स्वातंत्र्यानंतर आयआयटी, कृषी विद्यापीठे, व्यवस्थापन संस्था अशी मोठी आवारे एकाच वेळी उभी करायची वेळ आली. तेव्हा देशाला या कामाची भाषा ज्यांनी दिली त्यांत मराठी मुलखातून आलेली माणसे ठळक आहेत. अच्युत कानविंदे सिंधुदुर्गातल्या आचऱ्याचे. मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकून ते हार्वर्डला वॉल्टर ग्रोपियसच्या हाताखाली गेले. आयआयटी कानपूरचा आराखडा त्यांनी केला, आणि त्या संस्थेचे पहिले संचालक होते पु. का. केळकर.

कानपूरचा उन्हाळा जाळणारा. कानविंद्यांनी वर्ग, प्रयोगशाळा आणि ग्रंथालय दुमजली जोडमार्गांनी एकमेकांना बांधले. वरच्या पातळीवरून चालणाऱ्याला एका इमारतीतून दुसरीत थेट जाता येते, खालच्या पातळीवरून चालणाऱ्याच्या डोक्यावर त्याच मार्गाची सावली पडते. मधोमध ग्रंथालय आहे, त्याला आज केळकरांचेच नाव आहे. काँक्रीटची उघडी चौकट, मध्ये विटांची भिंत. सजावट म्हणावी असे काही नाही. इमारती नंतर वाढल्या तरी चालण्याचा सांगाडा आधीपासून पक्का होता. कानविंद्यांनी एच. जेम्स मिलर यांच्यासह १९६९ मध्ये भारतातल्या आवार-रचनेवर इंग्रजीत पुस्तकही लिहिले. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा आराखडाही त्यांचाच. आर्किटेक्चर शिकणारी मुले अहमदाबादची सहल करतात. राहुरी त्या सहलीत क्वचितच असते.

अहमदाबादच्या आयआयएमचे काम अमेरिकन वास्तुकार लुई कान यांच्याकडे १९६२ मध्ये आले आणि १९७४ मध्ये त्यांच्या मृत्यूपर्यंत चालले. हार्वर्डच्या धर्तीवर केस घेऊन शिकवायचे, म्हणून वर्ग अर्धवर्तुळाकार आणि पायऱ्यांचे झाले, जेणेकरून प्रत्येकाला प्रत्येकाचा चेहरा दिसावा. शिकवण्याची पद्धत आधी ठरली आणि खोलीचा आकार तिच्यातून आला, असे आपल्याकडे फार थोड्या ठिकाणी घडले. वसतिगृहांत कान यांनी लांबच लांब कॉरिडॉर टाळले. मजल्यावर दहा-दहा खोल्यांचे गट केले, आणि प्रत्येक गट जिना व चहाच्या खोलीभोवती बसवला. खोलीतून बाहेर पडलेला मुलगा थेट माणसांत येतो. कान यांच्या मागे इथले काम पुढे नेणारे अनंत राजेही मुंबईच्या जे. जे. चे.

कान यांना अहमदाबादला आणण्यात ज्यांचा पुढाकार होता ते बाळकृष्ण दोशी पुण्यात जन्मलेले. त्यांनी १९६० च्या दशकात अहमदाबादला उभारलेली वास्तुकला शाळा, म्हणजे आजचे सेप्ट, विटांच्या जाड भिंतींची आणि उत्तरेकडून उजेड घेणारी आहे. खालचा मजला बराचसा मोकळा सोडलेला. स्टुडिओ एकमेकांत उघडतात, वरच्या वर्गाच्या मुलांचे काम खालच्या वर्गाच्या मुलांना येता-जाता दिसते. पुढे बंगळूरच्या आयआयएममध्ये त्यांनी हाच विचार दगडात ताणला. तिथले मार्ग कुठे छपराखाली, कुठे पर्गोलाखाली, कुठे उघड्या आकाशाखाली जातात, आणि त्यांची उंची वर्गांपेक्षाही मनावर ठसते. दोशींना २०१८ मध्ये वास्तुकलेचे प्रित्झकर पारितोषिक मिळाले तेव्हा मराठी वर्तमानपत्रांनी त्यांचे पुण्याशी नाते आठवून सांगितले. त्यांच्या कामातून आपल्या कॉलेजांनी काय उचलले, हा प्रश्न मात्र कोणी फारसा विचारला नाही.

विषयच फरशीवर मांडणारी संस्था

महाराष्ट्रात या विचाराचे सर्वांत स्पष्ट उदाहरण पाहायचे तर पुणे विद्यापीठाच्याच आवारातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत जावे. जयंत नारळीकर संस्थापक संचालक, चार्ल्स कोरिआ आर्किटेक्ट. संस्था १९८८ ची, वास्तूचे लोकार्पण १९९२ चे. मध्यभागी पायऱ्यांचे चौकोनी कुंड आहे. त्याच्या तळाची दगडी फरसबंदी केंद्रातून बाहेर फेकल्यासारखी मांडलेली, आणि त्यात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे. पुतळ्यांना उंच चौथरा नाही. पायरीवर बसलेला विद्यार्थी आणि आइन्स्टाइन साधारण एकाच पातळीवर येतात.

आत फूकोचा लंबक टांगला आहे. पृथ्वी फिरते म्हणून त्याच्या झोक्याची दिशा हळूहळू वळत जाते. पुण्याच्या अक्षांशावर ही दिशा तासाला पावणेपाच अंशांच्या आसपास बदलते, म्हणजे पूर्ण फेरीला तीन दिवसांहून थोडा अधिक वेळ लागतो. सकाळी जाताना पाहिलेला झोका आणि संध्याकाळी परतताना पाहिलेला झोका यांत डोळ्यांना कळेल इतका फरक पडतो. कोणी व्याख्यान देत नाही, पाटीही वाचावी लागत नाही. ही जागा कोणत्याही कोष्टकात ‘शैक्षणिक क्षेत्र’ म्हणून भरता येणार नाही, आणि शिकवण्याच्या बाबतीत ती कित्येक वर्गांना भारी आहे. काळा दगड आणि कडप्पा ही सामग्री पुण्याच्या वाड्यांत आणि ओट्यांवर आधीपासून असलेली, त्यामुळे एवढी विचारपूर्वक मांडलेली वास्तूही उपरी वाटत नाही.

१९८३ नंतरचा साचा

१९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना राज्याने विनाअनुदानित तत्त्वावर खासगी अभियांत्रिकी कॉलेजांना परवानगी दिली. मुलांना कर्नाटकात धाव घ्यावी लागू नये हा हेतू होता, आणि लाखो घरांतला पहिला इंजिनिअर या निर्णयातून घडला. त्याच निर्णयातून कॉलेजच्या इमारतीचा एक साचाही घडला. हायवेला लागून जमीन, समोर संस्थापकांचा पुतळा, मोटार थेट आत यावी असा भव्य पोर्च, वर घुमट किंवा त्रिकोणी ग्रीक मुकुट, आणि मागे मधल्या कॉरिडॉरच्या दोन्ही बाजूंना खोल्या असलेले चार मजले.

या साच्याचे अर्थशास्त्र साधे आहे. कॉरिडॉर मध्ये घेतला की एकाच मार्गावर दोन्हीकडचे वर्ग बसतात, म्हणजे ‘वाया’ जाणारी जागा निम्मी होते. एकदा प्लॅन मंजूर झाला की नव्या शाखेसाठी तोच पुन्हा उभा करता येतो. तोटे नंतर कळतात. मधल्या कॉरिडॉरला दिवसाही दिवे लागतात. वर्गाला एकाच बाजूने खिडक्या राहतात, त्यामुळे आरपार वारा नाही. दोन तासांच्या मध्ये दोन्हीकडचे वर्ग एकदम सुटतात तेव्हा चालायला जागा नसते, मग थांबून बोलण्याचा प्रश्नच येत नाही. मुले पार्किंगमध्ये मोटारसायकलवर बसून अभ्यास करताना दिसतात. प्राचार्यांना ती शिस्तीची अडचण वाटते, पण मूळ अडचण जागेची आहे.

वर्गाचेच गणित पाहा. ६६ चौरस मीटर भागिले साठ, म्हणजे एका विद्यार्थ्याच्या वाट्याला १.१ चौरस मीटर, त्यात शिक्षकांचा मंच आणि बाकांमधली वाटही आली. या मापात ओळीने बाक मांडता येतात. चार-चारचे गट करून काम करणे अवघड जाते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने आंतरविद्याशाखीय आणि कृतीतून शिकण्याचा आग्रह धरला, त्या शिकण्याला जागा हवी ती बाके हलवता येतील अशी. अभ्यासक्रम बदलायला एक-दोन वर्षे पुरतात, पण एकदा बांधलेली भिंत पन्नास वर्षे तशीच उभी राहते. म्हणून खोलीच्या आत फार बारकाईने ठरवून टाकण्यापेक्षा खांब दूर ठेवणे, आतल्या भिंती हलवता येण्याजोग्या ठेवणे अधिक शहाणपणाचे.

ऊन, पाऊस आणि काच

कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, सोलापूरकडे पाच-सातशे. चंद्रपूरचा मे महिना आणि महाबळेश्वरचा मे महिना यांत काही साम्य नाही. तरी या सगळ्या ठिकाणी कॉलेजची इमारत एकच. गेल्या वीस वर्षांत तिच्या दर्शनी बाजूला निळी-हिरवी काच आणि ॲल्युमिनियमचे पॅनेल आले, कारण प्रवेशाच्या जाहिरातीत फोटो ‘कॉर्पोरेट’ दिसावा लागतो. काचेमागच्या खोलीत पडदे ओढलेले, दिवे लावलेले आणि एसी चालू.

खरे तर या अक्षांशावर सूर्याचे वेळापत्रक समजायला सोपे आहे. पुण्यात डिसेंबरच्या दुपारी तो दक्षिणेला साधारण ४८ अंशांवर असतो. उन्हाळ्यात जवळजवळ डोक्यावर येतो. दक्षिणेच्या खिडकीवर नीट काढलेला आडवा छज्जा त्याला वर्षातला बराच काळ थोपवतो. पश्चिमेला छज्ज्याचा उपयोग नाही, कारण दुपारी तीननंतर ऊन तिरपे, थेट आत येते. तिथे उभे पडदे, जाळी किंवा खोल व्हरांडाच हवा. म्हणून इमारतीची लांबी पूर्व-पश्चिम आणि खिडक्या उत्तर-दक्षिण हा जुना नियम आजही लागू आहे. पश्चिमेला वर्गांऐवजी जिने, स्वच्छतागृहे आणि भांडारघरे ठेवली तर एका रुपयाचाही वाढीव खर्च येत नाही. हा निर्णय पहिल्या कच्च्या नकाशावरच घ्यावा लागतो, आणि नेमका त्याच वेळी सगळ्यांचा डोळा रस्त्याकडच्या दर्शनी बाजूवर असतो.

कमी पैशांत हे साधते याचा पुरावा वास्तुकार लॉरी बेकर यांनी तिरुअनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजमध्ये १९७० च्या दशकात देऊन ठेवला आहे. विटांच्या जाळीदार भिंती, चढउतारावर जमीन न कापता बसवलेल्या इमारती, झाडे वाचवत वळलेल्या वाटा. अलीकडचे मोठे उदाहरण राजगीरच्या नव्या नालंदा विद्यापीठाचे. जून २०२४ मध्ये उद्घाटन झालेले हे आवार सुमारे ४५५ एकरांचे. आराखडा दोशींनी स्थापन केलेल्या वास्तुशिल्प या कार्यालयाचा. मातीचे दाबून केलेले ठोकळे, मोठे जलाशय, बिहारच्या जुन्या आहर-पाइन पद्धतीवरून घेतलेली पाण्याची व्यवस्था आणि लागणारी वीज जागेवरच निर्माण करण्याचे उद्दिष्ट. सरकारी पैशांतून असे काम होऊ शकते, एवढे तरी यातून सिद्ध झाले. आपल्याकडे ‘हरित इमारत’ म्हणजे गच्चीवर सौर पॅनेल, असा समज अजून आहे.

राहण्याची सोय ही शिक्षणाची अट

महाराष्ट्रात आवाराचा विचार करताना वसतिगृहाला शेवटचे पान देऊन चालत नाही, कारण इथल्या बहुजनांच्या उच्च शिक्षणाची सुरुवातच वसतिगृहातून झाली. शाहू महाराजांच्या पाठबळाने कोल्हापुरात १९०१ पासून वेगवेगळ्या समाजांची बोर्डिंगे उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारे बोर्डिंग चालवले आणि ‘कमवा आणि शिका’च्या रीतीने मुलांचे हात बांधकामाला, शेतीला लावले. औरंगाबादेत डॉ. आंबेडकरांनी मिलिंद महाविद्यालय सुरू केले, १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याची कोनशिला बसली. त्या आवाराला बाबासाहेबांनी नाव दिले नागसेनवन. इमारतीबरोबर झाडांचाही विचार त्या नावात आहे.

आजची नवी वसतिगृहे बहुधा उंच मनोऱ्यांची असतात. जमीन महाग असेल तर इलाज नाही, पण लिफ्टमधून थेट खोलीत जाणाऱ्या मुलाला शेजारी कोण राहतो हे कळत नाही. एकटेपणा हा इमारतीने निर्माण केलेला प्रश्न नसला तरी इमारत तो वाढवू किंवा कमी करू शकते. मजल्यामजल्याला चहाची, पेपर वाचण्याची, उगाच बसण्याची एक खोली ही कान यांची युक्ती मनोऱ्यातही चालते.

मुलींच्या बाबतीत आवार अजूनही कुलूप आणि फाटक यांच्या भाषेत बोलते. रात्री ग्रंथालयापासून वसतिगृहापर्यंतचा रस्ता उजेडाचा आणि वर्दळीचा ठेवणे हे रचनेचे काम आहे. ते न करता वेळेची बंधने घातली जातात. दिव्यांगांसाठी २०१६ च्या कायद्याने सार्वजनिक वास्तू सुगम करण्याची सक्ती केली, तरी रॅम्प शेवटी चिकटवलेला असतो. १:१२ हा उतार धरला तर ६० सेंटिमीटरच्या जोत्याला ७.२ मीटर रॅम्प लागतो. नंतर आठवण झाली की तेवढी जागा उरत नाही, आणि जो बांधला जातो तो घसरगुंडीइतका उभा असतो. जोतेच कमी उंचीचे आणि बाहेरची जमीन हळूहळू चढवत आणलेली, असा विचार सुरुवातीला झाला तर रॅम्पची गरजही पडत नाही.

पाडायचे की सांभाळायचे

डिसेंबर २०२० मध्ये अहमदाबादच्या आयआयएमने कान यांच्या अठरा वसतिगृहांपैकी चौदा पाडून नवी बांधण्याचा प्रस्ताव काढला. देशा-परदेशातून निषेध झाला, काही दिवसांत तो मागे घेतला गेला. पण २०२२ मध्ये संस्थेने इमारती असुरक्षित असल्याचे सांगून पुन्हा पुनर्बांधणीचा मार्ग धरला. गळती होती, वीटकामात घातलेल्या सळया गंजून विटा फुटत होत्या, भूकंपाची भीती होती. मुलांना तिथे ठेवणाऱ्या प्रशासनाची काळजी खोटी नव्हती. मात्र त्याच आवारातल्या ग्रंथालयाची दुरुस्ती मुंबईच्या वास्तुकार ब्रिंदा सोमय्या यांच्या कार्यालयाने केली आणि तिला २०१९ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. दुरुस्ती होऊ शकते, ती खर्चीक आणि चिकाटीची असते, हे दोन्ही खरे.

आपल्या कॉलेजांत हा प्रश्न रोजचाच. इमारतीसाठी देणगी मिळते, उद्घाटनाला मंत्री येतात. पन्हाळ साफ करण्यासाठी देणगी कोणी देत नाही. अनुदान मिळते ते नव्या बांधकामाला, देखभालीचा आकडा अंदाजपत्रकात शेवटी येतो. दगडी भिंत हे दुर्लक्ष शंभर वर्षे सोसते. आरसीसीचा स्लॅब तीस वर्षांत सळया दाखवू लागतो. त्यामुळे साधी, दुरुस्त करता येण्याजोगी, गावातल्या गवंड्याच्या हाताला कळणारी सामग्री निवडणे हा सौंदर्याइतकाच हिशेबाचाही भाग आहे.

निविदेच्या कागदावर

या सगळ्याचे मूळ नकाशाच्या टेबलापेक्षा नेमणुकीच्या पद्धतीत आहे. कमीत कमी फी सांगणाऱ्या आर्किटेक्टला काम, सहा आठवड्यांत नकाशा आणि क्षेत्रफळाच्या कोष्टकाशी जुळणारी बेरीज एवढेच मागितले, तर आपल्याला साचाच मिळणार. कानविंदे-केळकर, कान आणि अहमदाबादची आयआयएम उभारणारे विक्रम साराभाई, कोरिआ-नारळीकर या जोड्यांत समान धागा हा की संस्था चालवणाऱ्याला आपण कसे शिकवणार आहोत हे आधी ठाऊक होते आणि त्याने ते आर्किटेक्टला सांगितले. पैसा प्रत्येक ठिकाणी सारखा नव्हता. बेकर तर सर्वांत कमी पैशांत बांधणारे.

म्हणून सुधारणा स्वस्त आहे, फक्त ती पहिल्या महिन्यात करावी लागते. मान्यतेच्या कोष्टकात व्हरांडा, चौक आणि बसण्याच्या जागा यांना चौथ्या हिश्श्यात न कोंबता त्यांची स्वतःची किमान मापे द्यावीत. पश्चिमेला वर्ग ठेवला तर त्याचे कारण नकाशावर लिहायला लावावे. प्रत्येक नव्या इमारतीच्या खर्चाबरोबर तिच्या तीस वर्षांच्या देखभालीची तरतूद मंजूर करावी. आणि तपासणी समितीने वर्ग मोजून झाल्यावर एक तास सुटण्याची वेळ साधून कॉरिडॉरमध्ये उभे राहावे. मुलांना थांबायला जागा आहे की धक्के खात पुढे सरकावे लागते, हे पाहायला टेप लागत नाही, आणि तो शेरा अहवालात लिहायला कोणताही नियम आड येत नाही.